मल्टिकॅम एडिट करताना पडद्यावर काय दिसू द्यायचं आणि ते कसं वाचायचं

नाटकाचं रेकॉर्डिंग तीन कॅमेऱ्यांनी केलं, म्हणजे मल्टिकॅम केलं, की एडिटला बसल्यावर समोर एकाच वेळी चार चित्रं असतात. तीन कॅमेऱ्यांची तीन, आणि त्यांतून निवडलेलं चौथं. तेच नट, तेच नेपथ्य, तोच निळसर प्रकाश. डावीकडचा मिड शॉट आणि मधला मिड शॉट यांतला फरक सुरुवातीला सहज कळतो. दुसऱ्या अंकापर्यंत डोळे थकतात आणि मग कळेनासा होतो. एडिटरला मात्र तीन गोष्टी सतत माहीत असाव्या लागतात. हा कॅमेरा कुठला, हा क्षण नेमका कुठला, आणि तिन्ही चौकटींत तोच क्षण चालू आहे का.

ही माहिती चित्रावर बारीक अक्षरांत दाखवायची सोय बहुतेक चांगल्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये असते. तिला ओव्हरले म्हणतात. नव्याने शिकणारे बरेच जण ती बंद ठेवतात, कारण अक्षरं चेहऱ्यावर येतात आणि चित्राची मजा जाते. मला वाटतं, आधी सगळं चालू करून ते वाचायला शिकावं आणि मग नको ते बंद करावं. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ओव्हरलेला स्वतःचं ज्ञान काहीच नसतं. शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्यात जे भरलं गेलं, फाइलला जे नाव मिळालं, तेच तो वाचून दाखवतो. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लावलं असेल तर ओव्हरले तीच चुकीची वेळ अगदी ठाम अक्षरांत दाखवेल. म्हणून हा विषय अर्धा एडिटचा आहे आणि अर्धा शूटिंगच्या दिवसाचा.

मॉनिटरवरची अक्षरं आणि चित्रातली अक्षरं

पडद्यावर दिसणारी अक्षरं दोन जातींची असतात आणि बघताना ती हुबेहूब सारखी दिसतात. एक जात फक्त मॉनिटरच्या खिडकीत असते. सॉफ्टवेअर चित्र दाखवताना त्यावर वेळ, नाव, मार्कर, सुरुवातीच्या-शेवटाच्या खुणा लिहितं. एक्सपोर्ट केलं की त्यातलं काहीच फाइलमध्ये जात नाही. प्रीमियर प्रोमध्ये प्रोग्रॅम मॉनिटरच्या सेटिंग्जमधून चालू होणारे ओव्हरले या जातीचे. फायनल कट प्रोच्या अँगल व्ह्यूअरमध्ये, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांची (अँगलची) चित्रं शेजारी दाखवणाऱ्या खिडकीत, प्रत्येक चौकटीवर दिसणारी नावं आणि टाइमकोड, म्हणजे फ्रेमची वेळ, हेही याच जातीचे.

दुसरी जात चित्रात भाजली जाते. तिचं नावच बर्न-इन. प्रीमियरमध्ये क्लिपला टाइमकोडचा किंवा क्लिपच्या नावाचा इफेक्ट लावला, की ती अक्षरं चित्राचा भाग होतात आणि एक्सपोर्टमध्ये जातात. डाविंची रिझॉल्व्हमध्ये वर्कस्पेस मेनूत डेटा बर्न-इन नावाची खिडकी आहे. तिथे टाइमलाइनची (कट जोडलेल्या पूर्ण एडिटची) वेळ, मूळ क्लिपची वेळ, क्लिपचं नाव, स्वतः लिहिलेला मजकूर यांतलं हवं ते निवडता येतं. डिलिव्हर पानावर हे बर्न-इन ठेवायचं की नाही याची वेगळी निवड असते. हे पान उघडल्यावर ती निवड दर वेळी बघायचीच, कारण एडिट करताना चालू ठेवलेलं बर्न-इन अंतिम फाइलमध्ये जाण्याचा सगळ्यात सोपा रस्ता तोच आहे.

फिल्मच्या काळात हा धोका नव्हता. फ्रेम मोजायला लागणारे क्रमांक ठरावीक अंतराने फिल्मच्या कडेला, छिद्रांच्या रांगेजवळ छापलेले असत. प्रोजेक्टरच्या चौकटीत ती कडा येतच नसे. डिजिटलमध्ये कडा उरली नाही, म्हणून माहिती चित्रावर आली, आणि ती चित्रात जाणार की नाही हे लक्षात ठेवणं आपल्यावर आलं.

लाल चौकट, हिरवी चौकट

सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं शेजारी-शेजारी ठेवायच्या या मांडणीचं मूळ टीव्हीच्या कंट्रोल रूममध्ये आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. अशा स्टुडिओंत व्हिजन मिक्सरवर, म्हणजे कॅमेरे बदलायच्या यंत्रावर, बसलेली व्यक्ती कॅमेरे तिथल्या तिथे बदलत असे. समोर प्रत्येक कॅमेऱ्याचा मॉनिटर, खाली त्याचं नाव. आजच्या ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत, एकाच मोठ्या पडद्यावर सगळी चौकोनी चित्रं असतात. प्रक्षेपणात असलेल्या कॅमेऱ्याभोवती लाल चौकट, पुढे येणाऱ्या कॅमेऱ्याभोवती हिरवी. एडिटिंग सॉफ्टवेअरनं हीच पद्धत उचलली, पण रंगांचे अर्थ प्रत्येकाने आपापले ठेवले. एका सॉफ्टवेअरची सवय दुसऱ्यात घेऊन जाणाऱ्यांची गडबड होते ती इथेच.

प्रीमियरमध्ये चालू कॅमेऱ्याभोवती पिवळी चौकट असते. प्ले चालू असताना तुम्ही कॅमेरे बदलत असाल, म्हणजे कट नोंदले जात असतील, तर ती लाल होते. फायनल कट प्रोमध्ये रंग वेगळीच गोष्ट सांगतो. पिवळी चौकट म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही याच कॅमेऱ्याचे. निळी म्हणजे फक्त चित्र. हिरवी म्हणजे फक्त आवाज. मला ही पद्धत फार उपयोगी वाटते, कारण नाटकाच्या किंवा मैफलीच्या एडिटमधला सगळ्यात मोठा घोळ ती नजरेसमोर आणते.

तो घोळ असा. आवाज साउंड मिक्सरमधून थेट रेकॉर्ड केलेला असतो आणि तोच शेवटपर्यंत राहायला हवा. कॅमेऱ्यांचे स्वतःचे माइक फक्त जुळवणीसाठी असतात. मागच्या कॅमेऱ्यावर हॉलचा घुमारा, प्रेक्षकांचा खोकला, कुणाचा तरी मोबाइल हे सगळं येतं. कॅमेरा बदलताना आवाजही बदलत असेल तर प्रत्येक कटला हॉल लहानमोठा झाल्यासारखं ऐकू येतं. फायनल कटमध्ये साउंडच्या अँगलवर हिरवी आणि चित्राच्या अँगलवर निळी चौकट दिसली की निर्धास्त राहावं. प्रीमियरमध्ये मल्टिकॅम सोर्स सीक्वेन्स, म्हणजे तिन्ही कॅमेऱ्यांची एकत्र जोडणी, बनवतानाच आवाजाचं सेटिंग विचारलं जातं. आवाज एकाच ठिकाणचा ठेवायचा असेल तर स्विच ऑडिओ हा पर्याय निवडू नये.

क्लिपचं नाव नको, कॅमेऱ्याचं नाव हवं

चौकटीच्या कोपऱ्यात नाव दाखवायचं ठरवलं की सॉफ्टवेअर विचारतं, कुणाचं नाव? क्लिपचं की अँगलचं? इथे बहुतेक जण क्लिपचं नाव ठेवतात, कारण ते आपोआप मिळतं. दोन अंकी नाटकाला ते अजिबात चालत नाही.

कारण कॅमेरा लांब रेकॉर्डिंग एका फाइलमध्ये ठेवत नाही. अनेक कॅमेरे ४ जीबी झाले की फाइल तोडतात, ही जुन्या कार्डांच्या फॅट ३२ पद्धतीची मर्यादा आहे. ५० मेगाबिटच्या रेकॉर्डिंगला ४ जीबी साधारण साडेअकरा मिनिटांत भरतात. म्हणजे अडीच तासांच्या नाटकात एकाच कॅमेऱ्याच्या तेरा-चौदा फाइल. बऱ्याच जुन्या स्टिल कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांना थांबतं, कारण त्याहून जास्त चालणाऱ्या यंत्राला युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्याचा कर लागत असे. अशा तुकड्यांवर क्लिपचं नाव दाखवलं तर डावीकडचा कॅमेरा आधी सी००१२ असतो, मग सी००१३, मग सी००१४. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या फाइलही सी००१२ पासूनच सुरू झाल्या असतील तर नाव वाचून उलट दिशाभूल होते.

अँगलचं नाव मात्र अंक संपेपर्यंत तेच राहतं. म्हणून ओव्हरलेवर तेच असावं आणि ते कामाचं असावं. ‘कॅमेरा १’ यापेक्षा ‘१ डावा’, ‘२ मधला वाइड’, ‘३ उजवा क्लोज’ अशी नावं ठेवली तर नंबर आणि जागा दोन्ही कळतात. नंबर आधी ठेवायचा, कारण कॅमेरा बदलायची कळ नंबराचीच असते आणि शेजारी बसलेला दिग्दर्शक ‘दोनवर जा’ असंच म्हणतो. शूटिंगच्या दिवशी कॅमेऱ्यावर चिकटवलेला नंबर, कार्डावर लिहिलेला नंबर, फोल्डरचं नाव आणि एडिटमधला अँगल हे सगळे एकच असतील तर निम्मं काम तिथेच होतं.

सोय सगळीकडे आहे. प्रीमियर मल्टिकॅम सीक्वेन्स बनवताना कॅमेऱ्यांना क्रमांक द्यायचे, ट्रॅकची नावं वापरायची की क्लिपची, असं विचारतं. ट्रॅकची नावं निवडावीत आणि मग सोर्स सीक्वेन्स उघडून ट्रॅकना हवी ती नावं द्यावीत. रिझॉल्व्ह क्लिपच्या मेटाडेटामधला (क्लिपसोबत साठवलेल्या माहितीतला) अँगल किंवा कॅमेऱ्याचा रकाना वाचू शकतं. तो रकाना सगळ्या क्लिप एकत्र निवडून एकदाच भरता येतो. फायनल कटमध्येही अँगलचं आणि कॅमेऱ्याचं नाव आधीच भरून ठेवलं, की एकाच कॅमेऱ्याचे तुकडे एकामागोमाग एकाच अँगलमध्ये जाऊन बसतात.

एका फ्रेमच्या तीन वेळा

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. वेळ.

टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला पत्ता. तास, मिनिटं, सेकंद, फ्रेम असे चार जोडअंक. आपल्याकडे व्हिडिओ बहुतेक सेकंदाला २५ फ्रेमचा असतो, त्यामुळे शेवटचा आकडा ०० ते २४ पर्यंत जातो आणि मग सेकंद पुढे सरकतो. हिशोब सरळ आहे. अमेरिकेत सेकंदाला २९.९७ फ्रेम चालतात, म्हणून तिथे ३० च्या हिशोबाने मोजलेला टाइमकोड तासाला ३.६ सेकंद मागे पडतो. तो भरून काढायला ड्रॉप-फ्रेम नावाची पद्धत आहे. तीत प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीचे दोन क्रमांक गाळतात, फक्त दर दहाव्या मिनिटाला गाळत नाहीत. गाळले जातात ते क्रमांक, चित्रं नव्हेत. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाचं नाटक तिथल्या कॅमेऱ्यांनी शूट होऊन तुमच्याकडे एडिटला आलं तर हे लागतं. टाइमकोडमध्ये शेवटच्या आकड्याआधी अर्धविराम दिसला तर तो ड्रॉप-फ्रेम आहे असं समजावं.

पण खरा गोंधळ फ्रेमरेटचा नाही. मल्टिकॅममध्ये एकाच फ्रेमला तीन वेगवेगळ्या वेळा असतात. गावातल्या घराला सर्व्हे नंबर असतो, ग्रामपंचायतीचा घर क्रमांक असतो आणि ‘मारुतीच्या देवळामागे’ असाही पत्ता असतो, तसंच हे आहे. तिन्ही खरे आहेत, पण तलाठ्याला एक लागतो, पाणीपट्टीला दुसरा आणि पाहुण्यांना तिसरा.

पहिली वेळ कॅमेऱ्याची. समजा तिसऱ्या घंटेनंतर पडदा उघडला तेव्हा रात्रीचे ८ वाजून ४२ मिनिटं झाली होती आणि कॅमेऱ्याचा टाइमकोड घड्याळाप्रमाणे चालू होता. त्या फ्रेमवर २०:४२:१०:०५ असं असेल. दुसरी वेळ मल्टिकॅम क्लिपची, म्हणजे तिन्ही कॅमेरे एकावर एक ठेवून जी जोडणी केली तिच्या सुरुवातीपासूनची. कॅमेरे पडदा उघडण्याच्या पाच मिनिटं आधी चालू केले असतील तर तीच फ्रेम इथे ००:०५:०० च्या आसपास. तिसरी वेळ अंतिम टाइमलाइनची. सुरुवातीची श्रेयनामावली ४० सेकंदांची असेल आणि पुढची वाट बघण्याची मिनिटं कापली असतील, तर तीच फ्रेम टाइमलाइनवर ००:००:४० ला आहे.

दिग्दर्शक कॉपी बघून ‘१२ मिनिटं ४४ सेकंदांना जरा लवकर क्लोजवर या’ असं सांगतो ती तिसरी वेळ. साउंडवाला ‘माझ्या रेकॉर्डरवर ९ वाजून ३ मिनिटांनी माइक घासला आहे’ असं सांगतो ती पहिली. आणि ‘इथे मधल्या कॅमेऱ्याची फाइल बदलते, सिंक (जुळवणी) बघ’ असं एडिटर आपल्या सहायकाला सांगतो तेव्हा बहुधा दुसरी. ओव्हरलेवर एकच आकडा दिसत असेल आणि तो यांतला कुठला हे माहीत नसेल, तर अर्धा तास चुकीच्या जागी शोधाशोध होते.

म्हणून माझी मांडणी ठरलेली आहे. कॅमेऱ्यांच्या छोट्या चौकटींवर अँगलचं नाव आणि कॅमेऱ्याची स्वतःची वेळ. निवडलेल्या मोठ्या चित्रावर टाइमलाइनची वेळ. दुसरं काही नाही. क्लिपचं नाव, कोडेक, रिझोल्यूशन ही माहिती हवी तेव्हा क्लिपवर जाऊन बघता येते. ती सतत डोळ्यांसमोर ठेवली तर जे बघायचं ते बघितलं जात नाही.

यात एक अडचण येते. मल्टिकॅम क्लिप हे एक भांडं असतं, मूळ फाइल त्याच्या आत असतात. बाहेरून ‘सोर्स टाइमकोड’ मागितला तर बऱ्याचदा भांड्याची वेळ मिळते, आतल्या फाइलची नाही. आकडा दिसतो, पण तो पहिला पत्ता नसून दुसरा असतो. तपासायला सोपं आहे. एखादी मूळ क्लिप सुटी उघडून तिचा टाइमकोड बघायचा आणि मल्टिकॅमच्या आत त्याच फ्रेमवर काय दिसतं ते ताडून बघायचं. जुळत नसेल तर प्रीमियरमध्ये सोर्स सीक्वेन्सच्या आत जाऊन प्रत्येक कॅमेऱ्याच्या क्लिपला टाइमकोडचा इफेक्ट लावावा. मग ती वेळ प्रत्येक चौकटीत दिसते, कारण ती त्या चित्राचाच भाग झालेली असते. अर्थात ते बर्न-इन आहे, एडिट पक्का झाल्यावर काढायचं आहे. काम चित्राचे रंग दुरुस्त करणाऱ्या रंगकाराकडे द्यायच्या आधी टाइमलाइनची प्रत काढून तीत मल्टिकॅम फ्लॅटन करावा, म्हणजे भांडं जाऊन मूळ क्लिप उघड्या होतात. प्रीमियर आणि रिझॉल्व्ह दोन्हींत ही आज्ञा आहे. मूळ टाइमलाइन तशीच जपून ठेवायची, कारण फ्लॅटन केल्यावर नंबर दाबून कॅमेरा बदलता येत नाही.

शूटिंगच्या दिवशी घड्याळ कसं लावायचं

कॅमेऱ्यात टाइमकोड चालवायच्या दोन पद्धती असतात. रेक रन म्हणजे रेकॉर्डिंग चालू असेल तेवढाच टाइमकोड पुढे सरकतो. फ्री रन म्हणजे कॅमेरा थांबलेला असला तरी घड्याळ चालूच राहतं. एका कॅमेऱ्याच्या कामाला रेक रन बरा. तीन कॅमेऱ्यांना फ्री रनच हवा, कारण मध्यंतरात एक कॅमेरा बंद केला, दुसऱ्याचं कार्ड बदललं, तरी तिघांची वेळ एकच राहते.

तिन्ही घड्याळं एकत्र लावण्याला जॅम सिंक म्हणतात. त्यासाठी डबीएवढी यंत्रं मिळतात, टेन्टॅकल सिंकसारखी. प्रत्येक कॅमेऱ्याला आणि साउंड रेकॉर्डरला एकेक लावायचं. ज्या कॅमेऱ्याला टाइमकोडची जागाच नाही त्याच्या माइकच्या सॉकेटमधून तो आवाजाच्या रूपात भरतात. ऐकलं तर नुसती किरकिर ऐकू येते. रिझॉल्व्ह हा आवाज वाचून क्लिपचा टाइमकोड दुरुस्त करतं.

यंत्रं नसतील तर निदान कॅमेऱ्यांची घड्याळं हाताने एकाच वेळी लावावीत. ती फ्रेमपर्यंत अचूक नसतील, पण ओव्हरलेवर २०:४२ आणि २०:४२ दिसेल. जुळवणीचा उरलेला भाग आवाजावरून होतो. आणि मध्यंतरात पुन्हा लावावीत, कारण कॅमेऱ्यांची अंतर्गत घड्याळं हळूहळू सरकतात. दोन घड्याळांत दहा लाखांत १० भागांचा फरक असला तरी अडीच तासांत ०.०९ सेकंद होतो, म्हणजे दोन फ्रेमहून जास्त. संवादाच्या ओठांवर दोन फ्रेम दिसतात.

आवाजावरून सिंक लावलं तर एक बारकावा

सॉफ्टवेअर आवाजाच्या लहरी जुळवून कॅमेरे आपोआप सिंक करतं, ही फार मोठी सोय आहे. पण आवाजाला प्रवासाला वेळ लागतो. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे तेवढ्या वेळात आवाज साधारण १४ मीटर जातो. शेवटच्या रांगेमागे, रंगमंचापासून २० मीटरवर ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या माइकला नटाचं वाक्य दीड फ्रेम उशिरा ऐकू येतं. चित्र मात्र लगेच पोहोचलेलं असतं.

आता सॉफ्टवेअरने दोघांचे आवाज तंतोतंत जुळवले तर मागच्या कॅमेऱ्याचं चित्र दीड फ्रेम आधी येतं. संवादात हे क्वचित जाणवतं. तबल्याच्या समेवर, टाळीवर, पदन्यासावर जाणवतं. पुढच्या कॅमेऱ्यात हात तबल्यावर पडतो तेव्हा मागच्या कॅमेऱ्यात तो पडून उचलायला लागलेला असतो. इथे चौकटींवरचा टाइमकोड कामाला येतो. जॅम सिंक केलेले कॅमेरे असतील तर एकाच क्षणाला तिन्ही आकडे सारखे दिसले पाहिजेत. मागच्या कॅमेऱ्याचा आकडा एक-दोन फ्रेम पुढे दिसत असेल तर सिंक आवाजावरून लागलं आहे आणि तो कॅमेरा तेवढा उशिरा, म्हणजे टाइमलाइनवर उजवीकडे, सरकवायचा आहे. टाइमकोड नसेल तर हात आणि तबला बघून, फ्रेमफ्रेमने. एकदा केलं की संपूर्ण अंकाला लागू होतं, त्यामुळे त्यात वेळ घालवायला मुळीच कंटाळू नये.

मोबाइलचा चौथा अँगल आला तर

आयोजकांपैकी कुणीतरी विंगेतून मोबाइलवर घेतलेलं चित्र आणून देतं आणि कधीकधी तेच सगळ्यांत जिवंत असतं. ते जरूर वापरावं, पण त्याच्या ओव्हरलेवर विश्वास ठेवू नये. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० फ्रेम धरतो, तेही प्रकाशाप्रमाणे आणि फोनवरच्या ताणाप्रमाणे कमीजास्त होत. अशा फाइलवर मोजलेला टाइमकोड काही मिनिटांतच खऱ्या वेळेपासून सुटू शकतो. आधी हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रॅममधून स्थिर फ्रेमरेटची प्रत काढावी आणि मगच मल्टिकॅममध्ये घ्यावी.

अडखळणारं चित्र आणि कडेची रेघ

तीन-चार ४के प्रवाह एकदम चालवले की साधा संगणक दमतो. चित्र चालताना दिसतं, पण मधल्या फ्रेम गळत असतात. अशा चित्रावर कटचा ताल ठरवला तर अंतिम फाइलमध्ये तो कट उशिरा किंवा घाईचा वाटतो. म्हणून मॉनिटरखालचा एक छोटा दिवा बघायची सवय हवी. प्रीमियरमध्ये तो सेटिंग्जमधून चालू करावा लागतो. हिरवा असेल तर सगळ्या फ्रेम दिसताहेत, पिवळा झाला तर गळताहेत. रिझॉल्व्हमध्ये चित्राच्या वर फ्रेमरेटचा आकडा असतो आणि वेग पडला की त्याशेजारी लाल ठिपका येतो. तसं झालं तर प्रॉक्सी बनवाव्यात, म्हणजे त्याच क्लिपच्या हलक्या प्रती. प्रॉक्सीवर पुसट अक्षरांत ‘प्रॉक्सी’ असं छापलेलं असलं तर फोकस आणि रंगाबद्दलचे निर्णय त्यावर घ्यायचे नाहीत हे लक्षात राहतं.

सेफ मार्जिनच्या, म्हणजे कडेपासून किती आत राहायचं ते दाखवणाऱ्या, रेघा सतत लागत नाहीत. नावं आणि उपशीर्षकं टाकताना मात्र चालू कराव्यात. आजच्या रुंद टीव्हीसाठी युरोपीय प्रसारकांच्या संघटनेची शिफारस अशी आहे, की अक्षरं प्रत्येक कडेपासून ५ टक्के आत असावीत आणि महत्त्वाची हालचाल ३.५ टक्के आत. जुन्या चौकोनी टीव्हीच्या काळातली ८० टक्क्यांची चौकट अजून काही सॉफ्टवेअरमध्ये येते, ती गरजेपेक्षा कडक आहे. प्रसिद्धीसाठी उभी रील काढायची असेल तर उभ्या चौकटीची रेघ एडिटच्या आधीच चालू करून बघावी. आडव्या चित्रातली जेमतेम एक तृतीयांश रुंदीच तिच्यात मावते, त्यामुळे दोन नट दोन टोकांना उभे असलेला वाइड शॉट रीलला निरुपयोगी ठरतो.

दिग्दर्शकाला पाठवायची प्रत

रफ कट पाठवताना मात्र बर्न-इन हवंच. बघणाऱ्याकडे तुमचं सॉफ्टवेअर नसतं, त्यामुळे त्याला दिसेल ती वेळ चित्रातच असायला हवी. सगळ्या ट्रॅकच्या वर एक रिकामा थर, म्हणजे अ‍ॅडजस्टमेंट लेयर ठेवून त्यावर टाइमकोडचा इफेक्ट लावला की टाइमलाइनची वेळ पूर्ण लांबीभर येते, आणि तो एक लेयर बंद केला की सगळं जातं. शेजारी कॅमेऱ्याचा नंबर दिसला तर अभिप्राय फार नेमके येतात. ‘तो मघाचा शॉट नको’ याऐवजी ‘१२:४४ ला दोनऐवजी तीन’ असं लिहून येतं.

अक्षरं मोठी ठेवावीत. ही प्रत व्हॉट्सअ‍ॅपवरून जाते, चिरडली जाते आणि फोनवर बघितली जाते. मॉनिटरवर शोभणारी बारीक अक्षरं तिथे ठिपके होतात. जागा वरच्या कोपऱ्यात निवडावी, कारण खाली उपशीर्षकं असतात. अर्धपारदर्शक काळी पट्टी मागे ठेवली तर उजळ नेपथ्यावरही आकडे वाचता येतात. प्रत कितवी आणि कुठल्या तारखेची हेही तिथेच लिहावं. तीन जणांनी तीन वेगवेगळ्या प्रती बघून अभिप्राय दिले तर त्यांतल्या वेळा एकमेकींशी जुळत नाहीत आणि कुणाचंच चुकलेलं नसतं.

अंतिम एक्सपोर्ट झाल्यावर ती फाइल एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये न बघता साध्या प्लेअरमध्ये उघडावी. सॉफ्टवेअरमध्ये मॉनिटरचे ओव्हरले चालू असू शकतात आणि मग कुठली अक्षरं खिडकीतली, कुठली चित्रातली हे कळत नाही. सुरुवात, प्रत्येक ठिकाणी जिथे फाइलचे तुकडे जोडले गेले ती जागा, मध्यंतराच्या आधी-नंतर आणि शेवट, इतकं चारही कोपऱ्यांवर नजर ठेवून बघायचं.

आणि बर्न-इन असलेली शेवटची प्रत पुसू नये. तीत टाइमलाइनची वेळ, अँगलचं नाव आणि कॅमेऱ्याची वेळ तिन्ही असू द्यावेत, अंतिम फाइलशेजारी त्याच फोल्डरमध्ये. नाट्यसंस्था चार-पाच वर्षांनी एखाद्या नटाच्या गौरवासाठी त्याच प्रयोगातलं अर्ध्या मिनिटाचं चित्र मागते. तोवर प्रोजेक्ट उघडणारं सॉफ्टवेअर बदललेलं असतं, कधी प्रोजेक्टच उघडत नाही. पण ही प्रत कुठल्याही प्लेअरमध्ये चालते. हवा तो क्षण थांबवायचा, कोपऱ्यात ‘३ उजवा क्लोज, २१:१७:०८:१४’ असं लिहिलेलं असतं, आणि तिसऱ्या कॅमेऱ्याच्या कार्डाच्या बॅकअपमध्ये ती वेळ शोधली की मूळ चित्र सापडतं.